उजव्या डोळ्याचं मंडळ

दर रविवारी सकाळी चार म्हातारे एका गाडीपुढे उभे राहून हात वर करायचे. सूनबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघायची आणि मनात म्हणायची, हात वर करायला एवढी ताकद लागते, तर त्यातली थोडी अकलेकडे वळवली असती तर काय बिघडलं असतं?

गाडी लाल होती. लांब नाकाची, बसकी, जमिनीला पोट टेकवून बसलेल्या मांजरीसारखी. माणसं मावायची दोन. मामंजींनी ती तरुणपणी घेतली होती आणि त्या तरुणपणातलं आता तेवढंच शिल्लक होतं. तिचे दिवे इतर गाड्यांसारखे उघडे नसायचे. मिटलेले असायचे, अंगाच्या लाल रंगात लपलेले. आतली कळ ओढली की पापणी उलटावी तसे वर यायचे. म्हणजे, यायला हवे होते. डावा यायचा. उजवा अर्ध्यावर यायचा, विचारात पडायचा आणि जेवणानंतर डुलकी लागलेल्या पाहुण्यासारखा पुन्हा मान टाकायचा.

या दिव्यांना मोटर नव्हती. इंजिन श्वास घेतं, त्या श्वासाची ओढ रबरी नळ्यांतून दिव्यांमागच्या डब्यांपर्यंत पोहोचते, डब्यातला रबरी पडदा मागे खेचला जातो, दांडी हलते आणि दिवा उठतो. सगळा कारभार ओढीचा. कुठे भोक पडलं की ओढ त्या भोकात जिरते आणि दोघांतला जो मुळात जड असेल तो आधी बसतो. एवढी साधी गोष्ट होती. पण साधी गोष्ट चार जणांच्या हाती लागली की तिचं मंडळ होतं.

मंडळाचे अध्यक्ष अर्थात मामंजी. त्यांना अध्यक्ष म्हणून एक मत जास्तीचं. दुसरे सोडावाले. त्यांचा सोड्याचा कारखाना होता, त्यामुळे जगातल्या कुठल्याही हवेवर त्यांचा हक्क होता. "हवेचं मला सांगू नका," हे ते श्वास घेतल्यासारखं म्हणायचे. तिसरे हेडमास्तर. निवृत्त होऊन जमाना झाला तरी ते अजून वर्गात होते, फक्त वर्ग आता चौघांचा होता. चौथे बसवाले काका. आयुष्यभर बस चालवलेले. त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. "रेस द्या!"

गाडीत काय बिघडलंय हे हे लोक शोधायचे नाहीत, मतानं ठरवायचे. गाडी जणू निवडणुकीला उभी होती! एका रविवारी डबा दोषी ठरला, डबा बदलला. पुढे टाकीवर संशय आला, टाकी उतरवली, पुसली, पुन्हा चढवली. मग सोडावाल्यांनी साबणाच्या पाण्याचा ठराव आणला. सायकलच्या ट्यूबला लावतात तसा सगळ्या नळ्यांना फेस फासला आणि फुगा कुठे येतो ते बघत चौघं उकिडवे बसले. फुगा आला नाही. कसा येईल? इथे हवा बाहेर पडत नाही, आत ओढली जाते. भोक साबण पिऊन बसलं. चार विरुद्ध एक मतांनी नळ्या निर्दोष सुटल्या आणि चहा झाला. त्या फेसाचे डाग फरशीवरून तिनं खरवडून काढले.

शिवणाच्या मशीनवर बसली की तिच्या तोंडात आपोआप ओळी यायच्या. पायाला ताल सापडला की जिभेलाही सापडतो.

*चौघांचे गं हात वर, एक पापणी उठेना*
*अक्कल इतकी सांडे, झाडू मला गं पुरेना*

"काय गुणगुणतेस?" नवरा विचारायचा.

"तुमच्या वडिलांची आरती," ती म्हणायची.

नवरा बिचारा मध्ये पडायचा नाही. तो कशाच्याच मध्ये पडायचा नाही. रविवारी त्याचं काम एकच, गाडीत बसून कळ ओढायची. कारण मंडळाचा एक कडक नियम होता. पूर्वी एकदा बसवाले काकांनी घरात चहा पिता पिता मत दिलं आणि त्यावरून महाभारत झालं. तेव्हा हेडमास्तरांनी नियम घालून दिला : ज्यानं दिवा डोळ्यांनी पाहिला त्यालाच मत. गाडीचं बॉनेट उघडं असलं की आत बसलेल्याला पुढचं काही दिसत नाही. म्हणजे जो कळ ओढेल त्याचं मत बुडालं. तेव्हापासून मंडळाचा एकही सभासद त्या सीटवर बसला नव्हता. बसायचा नवरा, कानांत गाणी लावून. बाहेरून हाताची खूण झाली की ओढायची, खूण झाली की ढकलायची. बैल बरा, तो निदान शेपटी तरी हलवतो.

आता तिचं दुखणं सांगायला हवं. ती जाड कापडाच्या पिशव्या शिवायची. सुताराच्या हत्यारांच्या, वाजवणाऱ्यांच्या वाद्यांच्या, डोंगर चढणाऱ्यांच्या तंबूंच्या. मशीन मोठं, लोखंडी, चामडंसुद्धा शिवणारं. ते झोपायच्या खोलीत पलंगाला टेकून उभं होतं आणि पलंग हाच कापड कापायचा मेज. रात्री नवऱ्याच्या पाठीला दोऱ्यांची रिळं टोचायची. शहरातल्या एका दुकानाची बाई काम बघायला आली होती. शिवण बघून तिचे डोळे चमकले, कायमचं काम द्यायला तयार होती. मग तिनं खोली बघितली. उशीवर कात्री होती, कात्रीच्या वर दोरीवर मामंजींची वाळत घातलेली बनियन. बाई हसली, नको तेवढं गोड, आणि म्हणाली, "जागा झाली की कळवा हं."

जागा होती. घराला लागून होती. मोठा दरवाजा, वरून उजेड, सपाट फरशी. तिथे एक लाल मांजर डोळा मिटून बसली होती.

तिनं मागितली तेव्हा मामंजी बराच वेळ चमचा बशीत फिरवत बसले. मग म्हणाले, "जुन्या गाड्यांच्या क्लबचा परीक्षक येणारेय. त्यानं गाडी घेतली तर ती मिरवणुकीत जाणार. तेव्हा हलवता येणार नाही. पण या वेळी नाकारली ना, तर क्लबच्या गोदामात देऊन टाकतो आणि शेड तुझी. शब्द."

"नक्की, मामंजी?"

"शब्द म्हणजे शब्द गं."

तेवढ्या एका शब्दावर ती जगात सगळ्यात जास्त सुखानं गाडीचं वाटोळं व्हायची वाट बघू लागली.

परीक्षक रविवारीच यायचा होता. नेमका नवरा कामासाठी परगावी गेलेला. सकाळी मामंजी खिडकीशी आले.

"सूनबाई, जरा कळ ओढायला बसतेस का?"

"मंडळातलं कुणी नाही का?"

"त्यांचं मत जातं ना."

"माझं जात नाही?"

"तुला कुठेय?" मामंजी अगदी सरळपणे म्हणाले. त्यात वाकडेपणा असता तर बरं झालं असतं.

ती हात पुसून गाडीत बसली. सीट इतकी खाली, की अंघोळीच्या टबात बसल्यासारखं वाटलं. समोर उघडं बॉनेट, लाल भिंत. पलीकडून चार आवाज. इंजिन चालू होतं, थंडपणे गुरगुरत होतं.

"ओढ!"

तिनं ओढली. पुढे काहीतरी खटकन झालं, मग हळूच दुसरं काहीतरी कण्हलं.

"आला, आला… गेला."

"रेस द्या!" बसवाले काका.

तिनं पाय दाबला. "अजूनच बसला!" कुणीतरी ओरडलं. तरी काकांचं चालूच, "अजून द्या!" दुखतंय म्हटल्यावर जास्त जोरात चोळणाऱ्या जातीचे होते काका.

तिनं पाय काढला. इंजिन पुन्हा शांत झालं आणि त्या शांततेत तिला ते ऐकू आलं. स्टिअरिंगच्या खालून, कळीच्या मागून, अगदी बारीक. गोधडीखाली कुणी दात मिटून श्वास घ्यावा तसं. ती वाकली. हात आत घातला. तारा, धूळ, कोळ्याचं जुनं घर, आणि मग एक रबरी नळी, कळीच्या तोंडाशी चिरलेली. बोट लावलं तर नळीनं बोट धरलं. वासरानं धरावं तसं, ओलं नाही पण हट्टी. फुसकारा थांबला.

"उठला!" पलीकडे एकदम गलका. "उठला, अरे उठला! दोन्ही!"

"मी आत्ताच इथे पाना टेकवला," सोडावाले म्हणाले. "हवेचं मला सांगू नका."

तिनं बोट काढलं.

"बसला."

"टेकवा हो पुन्हा पाना."

ठक्क. तिला हसू आवरेना. ठक्क झालं तसं तिनं बोट लावलं.

"उठला! बघा, हातगुण लागतो."

"हातगुण कसला," हेडमास्तर घसा साफ करत म्हणाले. "सकाळच्या गारव्यानं रबर आखडतं, इंजिन तापलं की सैल पडतं. हे तत्त्व आहे. आता बघा, तो असाच राहील."

तिनं बोट काढलं. बाहेर मास्तरांचं तत्त्व मान टाकून बसल्याचं ऐकू आलं.

"मास्तर, तत्त्व बसलं."

"तुम्ही मध्ये बोललात म्हणून!"

तिनं तिसऱ्यांदा उठवला तो बसवाले काकांसाठी, त्यांनी गाडीला "चल राणी" म्हटलं तेव्हा. आयुष्यात कुणालाच एका बोटावर नाचवायला मिळालं नव्हतं तिला. नवरा नाचायचा नाही, सासू असती तर तिनंच नाचवलं असतं. आणि आज एका बोटाच्या पेरावर चार शहाणे! अख्खं वर्ष यांनी टाक्या उतरवल्या, डबे बदलले, फेस फासला. आणि भोक कुठे, तर ज्या एका जागी यांच्यातला कुणी बसायला तयार नाही तिथे. मत जाईल म्हणून.

सांगायचं नाही, तिनं ठरवलं. कुणी विचारलंय? आणि मला मत तरी कुठेय?

परीक्षक आला. सडपातळ, चकचकीत बुटांचा, हातात छोटी बॅटरी. गाडीभोवती असा फिरला, जणू गाडी त्याच्या बुटांवर येईल. आसनं बघितली, चाकं बघितली, इंजिनाकडे बघून नाक हलवलं. बॉनेट उघडंच ठेवून म्हणाला, "दिवे."

तिचा डावा हात कळीवर, उजवा मांडीवर. मांडीवरचं बोट गरम झालं होतं. पलीकडून मामंजींचा आवाज आला, गाडीला उद्देशून, अगदी हळू : "ऊठ गं बाई माझी. एकदाच."

तिनं कळ ओढली. बोट मांडीवरच ठेवलं.

"हं," परीक्षक म्हणाला. "डोळा मारते तुमची गाडी. सवयीची दिसते."

कुणी हसलं नाही.

"पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला आणि बूट न मळवता निघून गेला.

ती गाडीतून उतरली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे मशीन कुठे ठेवायचं ते ठरलेलंसुद्धा होतं. दरवाजाच्या डाव्या अंगाला, उजेड पाठीवरून येईल असं. कापायचा मेज मधोमध. मामंजी गाडीच्या छपरावर हात ठेवून उभे होते. तिला थोडं वाईट वाटलं, थोडंच, पाहुणा निघाल्यावर वाटतं तेवढं.

"मग मामंजी, गोदामवाल्यांना कधी बोलवायचं?"

मामंजींनी मंडळाकडे बघितलं. हेडमास्तर एक पाऊल पुढे आले.

"ठराव मांडतो. गाडी देण्याचा विचार पुढच्या परीक्षणापर्यंत तहकूब करावा."

"म्हणजे?" ती म्हणाली.

"म्हणजे असं, सूनबाई, की आज दिवा उठला होता. आम्ही चौघांनी डोळ्यांनी पाहिलाय. एकदा नव्हे, तीनदा! इतक्या दिवसांत असं कधी झालं नव्हतं. दुरुस्ती अगदी टप्प्यात आलीय. अशा वेळी गाडी देऊन टाकणं म्हणजे…"

"पाप," सोडावाले म्हणाले.

"अनुमोदन," बसवाले काका.

हात वर झाले. एक, दोन, तीन. मामंजींनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांचा हात वर गेला, आणि अध्यक्षांचं जास्तीचं मत असतं म्हणून दुसराही.

पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर करून सासरा उभा, हे बघून तिला हसायला यायला हवं होतं. पण आलं नाही. तिनं तीनदा उठवला होता. गंमत म्हणून. यांची अक्कल मोजायला म्हणून. आणि यांनी त्याच गमतीचा पुरावा करून तिची जागा तिच्या नाकासमोरून नेली. मूर्खांना खेळवायला गेलं की खेळ तेच जिंकतात, कारण आपण खेळतोय हे त्यांना कुठे माहीत असतं?

"तो मी उठवला होता," ती म्हणाली.

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. सोडावाले आधी हसले, मग काका, मग मास्तर, वर्गात पहिल्या बाकावरचं पोर हसतं तसे, दात न दाखवता.

"तू? आत बसून?"

"हो. आत बसून."

"पण पोरी, आतून दिवा दिसत नाही. डोळ्यांनी पाहिलं का तू?" मास्तर प्रेमानं म्हणाले. त्या प्रेमावर पाणी ओतावंसं वाटलं तिला. उकळतं.

"नाही पाहिलं. तुम्ही पाहिलाय ना? मग ठोका पाना. उठवा."

आणि ती घरात गेली. मशीनवर बसली. बाहेरून ठक्क ऐकू आलं. पुन्हा ठक्क. "रेस द्या!" पुन्हा ठक्क. मग तत्त्वाबद्दल काहीतरी. तिच्या जिभेवर एकही ओळ आली नाही. पाय चालत होता, सुई जाड कापडात घुसत होती आणि टाके वाकडे पडत होते. तिनं शिवण उसवायला घेतली.

बाहेरचं इंजिन बंद झालं. दारात सावली पडली. मामंजी कधी या खोलीत पाय ठेवत नसत. आज चौकटीत उभे राहिले. पलंगावरचे कापडाचे तुकडे, उशीवरची कात्री, दोऱ्यांची रिळं, सगळीकडे बघून झालं तेव्हा त्यांना बघायला ती तेवढी उरली.

"खरंच तू उठवलास?"

"हो."

"तीनदा?"

"सोडावाल्यांसाठी दोनदा. काकांसाठी एकदा."

"मग परीक्षक होता तेव्हा का नाही उठवलास गं?"

तिनं उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला. काय काय म्हणता आलं असतं! गेल्या वर्षभरातले चहा होते, फरशीवरचा साबण होता, ते "तुला कुठेय?" होतं. पण तोंडातून खरं तेच आलं.

"तुम्ही शब्द दिला होता म्हणून. मला वाटलं, तो खरा आहे."

मामंजींनी चौकटीवरचा हात काढला, बनियन दोरीवरून उचलली, घडी केली, ती कुठे ठेवावी हे न कळून तशीच हातात घेऊन निघून गेले.

मग बाहेर आवाज सुरू झाले.

"अध्यक्ष, हे काय? यावर मतदान झालेलं नाही!"

"होणारही नाही. मास्तर, तिकडून ढकला."

"अहो पण नियम…"

"ढकला म्हणतो ना!"

ती दारात आली. लाल मांजर मागच्या पायांनी शेडबाहेर सरकत होती. बसवाले काका स्टिअरिंग खिडकीतून धरून चालत होते, आत बसले नव्हते. जीव गेला तरी आत बसले नसते. गाडी गल्लीच्या कडेला उभी राहिली. मग चौघं घरात शिरले, चपला न काढता, आणि तिचं मशीन उचललं. लोखंडी मशीन. सोडावाल्यांच्या कमरेतून जो आवाज आला त्याला साबणाचं पाणी लावायची गरज नव्हती, गळती स्पष्ट होती.

"हळू! सुई आहे!" ती ओरडली.

"सुईचं मला सांगू…" सोडावाले म्हणाले आणि दम लागून थांबले.

तिनं जागा दाखवली. दरवाजाच्या डाव्या अंगाला. त्यांनी ठेवलं, वाकडं. तिनं सरळ करून घेतलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, गरज नसतानाही. मामंजी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत बाहेर गल्लीत गेले आणि गाडीजवळ उभे राहिले. त्यांनी काही विचारलं नाही. म्हणजे हा सौदा नव्हता. सौदा असता तर तिनं घासाघीस केली असती, त्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण न मागणाऱ्याशी काय घासाघीस करणार?

ती मागोमाग गेली. "बसा आत."

"मी?"

"मग कोण? इंजिन चालू करा. बॉनेट असू द्या उघडं."

मामंजी बसले. गुडघे हनुवटीला लागले. किती दिवसांनी स्वतःच्या गाडीत बसत होते कुणास ठाऊक. तिनं वाकून त्यांचं मनगट धरलं आणि हात कळीच्या मागे नेला, सवयीनं नवऱ्याचा हात धरावा तसा निःसंकोच नाही, पण सुईत दोरा ओवताना धरतात तसा नीट.

"इथे. चीर लागली का?"

"हां… ओढतंय गं!" त्यांचे डोळे मोठे झाले.

"दाबून धरा. आता ओढा कळ."

पुढे खटकन झालं, आणि लगेच दुसरं खटकन. तिघांचा गलका उठला. सोडावाले, "मी म्हणतच होतो!" असं काहीतरी. काय म्हणत होते ते त्यांनाही ठाऊक नसावं. मामंजी लाल भिंतीकडे बघत बसले होते. त्यांना तिघांचा आरडाओरडा ऐकू येत होता, पण त्यांनी मान वळवून तिला विचारलं.

"दोन्ही?"

ती पुढे गेली. बघितलं. नीट, दोन्हीकडे.

"दोन्ही. सरळ."

मामंजींनी मान हलवली. त्यांना तेवढं पुरलं.

"बरं, तर आता प्रश्न असा," हेडमास्तर म्हणाले, "की त्या नळीला चिकटपट्टी लावावी की नवी नळी टाकावी. चिकटपट्टीच्या बाजूनं कोण?" दोन हात वर झाले. "अध्यक्ष, तुमचं मत?"

"माझा हात मोकळा नाही," आतून मामंजी म्हणाले.

ती शेडकडे वळली. मशीन अजून जरा वाकडंच होतं.